बायबलवर आधारित डावपेचांचे खेळ: निवड आणि रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलचा एकत्र अभ्यास करणाऱ्या एका गटाला प्रश्नमंजूषेपेक्षा वेगळा, खरोखर विचार करून खेळावा लागेल असा पटावरील खेळ हवा आहे. असे खेळ अस्तित्वात आहेत का, असल्यास त्यांतला चांगला कसा ओळखावा, आणि कोणताच पसंत पडला नाही तर बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकावर (यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधण्याच्या कथेवर) आपणच एक खेळ रचायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी, असे त्याचे तीन भाग आहेत. खेळ रचणे, तपासणे आणि गटांना शिकवणे हे माझे नेहमीचे काम असल्यामुळे तिसऱ्या भागाकडे माझा ओढा अधिक आहे, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे, पण अशा खेळांची संख्या मोठी नाही. बायबलचे नाव धारण करणाऱ्या खेळांपैकी बहुतेकांत एक तर पाठांतराची परीक्षा असते किंवा सापशिडीचा पट नव्या चित्रांनी सजवलेला असतो. डावपेचांचा खेळ म्हणजे ज्यात प्रत्येक चालीला खेळाडूला दोन बऱ्या गोष्टींतून एक सोडावी लागते आणि सोडलेल्या गोष्टीची किंमत पुढे मोजावी लागते. बायबलमधील प्रसंगांत अशा निवडींची मुळीच वाण नाही. रचनाकाराने त्या प्रसंगातील नेमकी अडचण पटावर आणली आहे की केवळ नावे आणली आहेत, यावर खेळाची प्रत ठरते. पुढील सर्व विवेचन या एका कसोटीभोवती आहे.

या परंपरेचा इतिहास उपदेशापासून सुरू होतो. अमेरिकेत १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातून प्रसिद्ध झालेला ‘द मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा त्याचा ठळक नमुना. सद्गुणाच्या घरात पाऊल पडले की पुढे जायचे, दुर्गुणाच्या घरात पडले की मागे यायचे, आणि वळणावळणाच्या वाटेने मध्यभागीच्या सुखधामी पोचायचे, असे त्याचे स्वरूप होते. फाशांचा संबंध जुगाराशी जोडला जात असल्यामुळे त्यात फाशांऐवजी आकडे लिहिलेली एक भिंगरी वापरत असत. अर्थात भिंगरीने आकडा दिला काय किंवा फाशाने दिला काय, खेळाडूच्या हाती काहीच राहत नव्हते; चांगले वागण्याची निवड करायला त्याला कोणी सांगतच नव्हते. पुढे युद्धखेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲव्हलॉन हिल या प्रकाशनाने १९६८ मध्ये प्रेषित पौलाच्या प्रवासांवर एक खेळ काढला होता. तरीही खरा बदल झाला तो १९९५ मध्ये क्लाउस टॉयबर यांचा ‘कातान’ हा वस्त्या उभारण्याचा खेळ आल्यानंतर, कारण त्यानंतर घरगुती खेळांतही देवाणघेवाण, जागेची निवड आणि साधनांची टंचाई या गोष्टी रुळल्या.

‘द सेटलर्स ऑफ कनान’ हा २००२ मधील खेळ कातानचीच यंत्रणा घेऊन आला. खेळाडू इस्राएलच्या वंशांचे प्रतिनिधी होतात, कनानाच्या ठरलेल्या नकाशावर वस्ती करतात, आणि यरुशलेमच्या तटबंदीला दगड देऊन दावीद राजाचा लाभ मिळवण्यासाठी चढाओढ करतात. त्यापाठोपाठ २००३ मध्ये क्लाउस-युर्गेन व्रेडे यांच्या ‘कार्कासोन’वर बेतलेला ‘द आर्क ऑफ द कव्हेनंट’ आला. त्यात फरशा जुळवत देश तयार होतो आणि कराराचा कोश, म्हणजे इस्राएल लोकांची पवित्र पेटी, पटावरून फिरवता येतो. ज्यांच्या अनुयायांजवळून तो जातो त्यांना गुण मिळतात. दोन्ही खेळ खेळायला चोख आहेत, कारण त्यांचे मूळ सांगाडे चोख आहेत. आता एक साधी परीक्षा करून पाहावी: सर्व नावे आणि चित्रे काढून टाकली तर खेळाडूचा एखादा निर्णय बदलतो का? कनानच्या खेळात तटबंदीची चढाओढ वगळता फारसे काही बदलत नाही. कोशाच्या खेळात तुलनेने अधिक बदलते, कारण फिरता कोश ही बायबलमधीलच हालचाल आहे आणि तो कोणाच्या दारावरून न्यायचा याचा विचार प्रत्येक खेळाडूला करावा लागतो. कुटुंबात लहानमोठे सगळे मिळून खेळायचे असेल, तर या दोहोंपैकी दुसरा मी आधी सुचवीन.

नाव आणि विषय यांची फारकत कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण म्हणजे रायनर क्निझिया यांचा २००५ मधील बाबेलच्या बुरुजाच्या नावाचा खेळ. प्रत्यक्षात त्यात प्राचीन जगातील आश्चर्ये उभारायची असतात आणि उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायाशी त्याचा संबंध नावापुरताच राहतो. बोली लावण्याचा खेळ म्हणून तो उत्तम आहे. अभ्यासगटाला मात्र त्यातून चर्चेला काही मिळणार नाही. याउलट त्याच वर्षी डोरिस माथेउस आणि फ्रांक नेस्टेल यांनी नोहाच्या तारवावर केलेला पत्त्यांचा खेळ वरवर विनोदी असूनही मूळ अडचणीच्या फार जवळ जातो. कोणता प्राणी कोणाला खाईल, कोणाचे खाद्य कोठे ठेवावे, तारू एका बाजूला कलेल का, याच प्रश्नांवर तो चालतो. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात आणि उंची ३० हात अशी मापे दिली आहेत आणि तीन मजले सांगितले आहेत. मापे दिली म्हणजे जागा मर्यादित आहे, आणि मर्यादित जागा हीच डावपेचांच्या खेळाची पहिली गरज असते.

अभ्यासगटाला मी ज्या खेळाकडे सर्वांत आधी वळवीन तो म्हणजे लान्स हिल यांचा २०१४ मधील ‘किंग्ज ऑफ इस्राएल’. तो सहकारी खेळ आहे. सर्व खेळाडू एका बाजूला असतात आणि खेळ स्वतः विरुद्ध बाजूला असतो. खेळाडू उत्तरेकडील इस्राएल राज्यातील संदेष्टे असतात. प्रत्येक खेळाडू एकेका संदेष्ट्याऐवजी संदेष्ट्यांच्या परंपरेचा प्रतिनिधी असतो, आणि त्यामुळेच दोनशे वर्षांचा काळ एका बैठकीत सामावतो. राजे बदलत जातात, नगरांत पापाचे ठोकळे साचत जातात, मूर्ती उभ्या राहतात. संदेष्ट्यांनी उपदेश करायचा, अर्पणे करायची आणि ठरावीक संख्येने वेद्या उभारायच्या. अश्शूर या बलाढ्य परसत्तेने देशाचा नाश केला किंवा पापाचे ठोकळे वा मूर्ती ठेवायची वेळ आली असताना पेटीत त्या उरल्याच नाहीत, तर सगळेच हरतात.

या रचनेतील खरी हुशारी शेवटाच्या हाताळणीत आहे. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास या राज्याची राजधानी शोमरोन पडली हे खेळाडूला ठाऊक असते, आणि ते टाळणे हे खेळाचे उद्दिष्टच नाही. अटळ विनाशाच्या आत किती काम उरकता येईल एवढाच प्रश्न असतो, आणि राजांच्या पुस्तकांचा सूरही नेमका तोच आहे. एका ठिकाणी मात्र जाणकार वाचक अडखळेल. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात अर्पणे एकाच निवडलेल्या स्थानी करण्याची आज्ञा आहे, आणि येथे तर संदेष्टे ठिकठिकाणी वेद्या बांधत फिरतात. याला आधार अगदीच नाही असे नाही; कर्मेल डोंगरावर एलीयाने मोडलेली वेदी दुरुस्त केल्याचे १ राजे १८ मध्ये आहे. तरीही ज्यांना हा विरोधाभास जाणवतो त्यांनी तो डावानंतरच्या चर्चेचा विषय करावा. खेळाच्या उणिवेतून इतकी चांगली चर्चा क्वचितच निघते.

सहकारी खेळांचा एक नेहमीचा दोष मात्र येथे सांगितला पाहिजे. ज्याला नियम सर्वांत चांगले कळतात तो हळूहळू सगळ्यांच्या चाली सांगू लागतो आणि बाकीचे केवळ सोंगट्या हलवतात. अभ्यासगटात तर हा धोका दुप्पट असतो, कारण शिकवणाऱ्याला सांगण्याची सवय असते आणि शिकणाऱ्यांना ऐकण्याची. यावर मी करतो तो उपाय असा: प्रत्येकाने आपले पत्ते झाकून ठेवावेत, चाल करण्यापूर्वी इतरांना एक प्रश्न विचारण्याची मुभा असावी, आणि सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. नियमपुस्तिकेत तसे लिहिलेले नसले तरी गटाने तो संकेत पाळावा.

स्पर्धात्मक खेळ हवा असेल आणि गट अनुभवी असेल, तर शेम फिलिप्स आणि एस. जे. मॅकडोनाल्ड यांचा २०२४ मधील ‘एज्रा अँड नहेम्या’ पाहावा. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिर उभारायचे, तट बांधायचा आणि नियमशास्त्राचे शिक्षण द्यायचे, अशी तीन कामे त्यात एकाच वेळी ओढ लावतात; शिवाय वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नसतो आणि आठवड्याच्या शेवटी शब्बाथ येतो. काम करण्याच्या खेळात विश्रांती ही सक्तीची गोष्ट करणे ही कल्पना मला फार आवडली. नियम मात्र पुष्कळ आहेत. ज्यांनी याआधी कातानपलीकडे काही खेळलेले नाही त्यांनी एकदम येथे उडी घेऊ नये. पहिली संपूर्ण बैठक नियम समजून घेण्यातच जाईल.

कार्मेन गार्सिया हिमेनेझ यांचा २०२३ मधील ‘इएरुसालेम: आन्नो डॉमिनी’ हा खेळ नव्या करारावर आहे आणि त्यात एक मोठी गंमत दडलेली आहे. प्रत्येक खेळाडू आपल्या अनुयायांना शेवटच्या भोजनाच्या मेजावर येशूच्या जितके जवळ बसवता येईल तितके बसवण्याचा प्रयत्न करतो. जवळच्या जागेचे मोल अधिक. आता मार्काच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान यांनी उजवी-डावी जागा मागितली तेव्हा त्यांना काय ऐकावे लागले हे आपण जाणतो. म्हणजे शुभवर्तमानात ज्या हावेबद्दल कानउघाडणी झाली, तिलाच खेळ गुण देतो, असा आक्षेप घेता येतो, आणि तो मीही घेतला असता. पण लूकाच्या बाविसाव्या अध्यायानुसार त्याच भोजनप्रसंगी शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण असा वाद झाला होता. त्या दृष्टीने पाहता मेजाभोवती जागेसाठी कोपरे मारणारे खेळाडू नकळत त्या वादाचेच पात्र होतात. येशू स्वतः कोणाच्याही हातातील सोंगटी होत नाही, ही त्यातील संयमाची बाब आहे आणि तिचे अनुकरण करण्यासारखे आहे.

येथून आपण रचनेच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो: डावपेचांच्या खेळात देवाचे काय करायचे? डावपेच जाणणाऱ्या खेळाडूला नियंत्रण हवे असते, आणि बायबलमधील कथा त्याच नियंत्रणाच्या हट्टावर वारंवार घाव घालतात. नवशिक्या रचनाकाराचा पहिला विचार असतो तो चमत्काराचा पत्ता करण्याचा: तीन ‘विश्वास’ गोळा करा आणि समुद्र दुभंगवा. असे केले की देव ही धान्य आणि लोकर यांच्यासारखी साठवण्याची एक वस्तू होते. गंमत अशी की हा विचार बायबलनेच एका प्रसंगात मोडीत काढला आहे. १ शमुवेल ४ मध्ये इस्राएल लोक हरलेली लढाई जिंकण्यासाठी कराराचा कोश रणांगणावर आणतात, छावणीत जल्लोष होतो, आणि तरीही ते हरतात. तीस हजार पायदळ पडते आणि कोश पलिष्ट्यांच्या हाती जातो. ज्याने चमत्काराचा पत्ता रचला आहे त्याने हा अध्याय वाचून तो पत्ता पेटीबाहेर काढावा.

मला पटलेला मार्ग गिदोनाच्या कथेत आहे. शास्ते ७ मध्ये ३२,००० लोक जमतात; भित्र्यांना परत पाठवल्यावर २२,००० निघून जातात, उरलेल्या १०,००० मधून पाण्याच्या काठावर निवड होऊन ३०० राहतात. खेळाच्या भाषेत सांगायचे तर येथे साधने कमी करणे हीच चाल आहे. पटावर ती अशी आणता येते: प्रत्येक खेळाडूकडे सैन्याचे पत्ते असतात आणि लढाईपूर्वी त्याने स्वखुशीने किती टाकायचे ते ठरवायचे. टाकलेल्या पत्त्यांच्या प्रमाणात साहाय्याची शक्यता वाढते, पण ते येईलच याची हमी नसते आणि टाकलेले पत्ते परत मिळत नाहीत. असा नियम ठेवला की मेजावर जी चुळबूळ सुरू होते ती पाहण्यासारखी असते. हातात सात पत्ते असताना खेळाडू दोन टाकतो, थांबतो, तिसरा अर्धा सरकवतो, परत ओढून घेतो. शेजारी म्हणतो की गिदोनाने शेकडा एकाहूनही कमी ठेवले होते, आणि तो म्हणतो की गिदोनाला पुढचा अध्याय ठाऊक नव्हता. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता प्रसंगाचा गाभा हाताला लागलेला असतो.

नशिबाबद्दलचा प्रश्नही याला लागूनच आहे. काही गटांत फासे वापरावे की नाही यावर संकोच असतो आणि त्याचा मान राखावा. मात्र बायबलमध्ये चिठ्ठ्या टाकण्याला विरोध नाही, हेही लक्षात ठेवावे. यहोशवा १८ मध्ये उरलेल्या सात वंशांना शिलो येथे चिठ्ठ्या टाकूनच देश वाटून दिला जातो, आणि प्रेषितांची कृत्ये १ मध्ये नवा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड तशीच होते. तेव्हा रचनेत नशीब असावे, पण ते निर्णयाच्या आधी यावे असे माझे मत आहे. आधी चिठ्ठी निघावी आणि मग मिळालेल्या वाट्यातून काय करायचे हे खेळाडूने ठरवावे. निर्णय घेतल्यानंतर फासा टाकून त्याचे फळ ठरवले की चांगल्या विचाराची चीड येऊ लागते.

आता नहेम्या. विषयाची निवड उत्तम आहे, कारण या पुस्तकात पट, सोंगट्या आणि घड्याळ तिन्ही तयार आहेत. तिसरा अध्याय मेंढरेवेशीपासून, म्हणजे तटाच्या एका दरवाजापासून, निघतो आणि तटाला वळसा घालून मेंढरेवेशीपाशीच येऊन थांबतो. म्हणजे गोल पट आयता मिळाला. त्यात सुमारे चाळीस तुकड्यांची आणि त्या बांधणाऱ्यांची नावे आहेत, ज्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, आणि एका अधिकाऱ्याच्या मुलीही आहेत. सहाव्या अध्यायाप्रमाणे तट ५२ दिवसांत पुरा झाला. सात पूर्ण आठवडे आणि वर तीन दिवस, असा त्याचा हिशेब बसतो, तेव्हा सात पूर्ण फेऱ्या आणि शेवटची एक अर्धी फेरी ठेवावी. ती अर्धी फेरी फार उपयोगी पडते, कारण आपल्याला पूर्ण फेरी मिळणार नाही हे ठाऊक असूनही खेळाडू तिच्यावर अवलंबून राहतात.

मुख्य यंत्रणा चौथ्या अध्यायातून घ्यावी. तेथे निम्मे लोक काम करतात आणि निम्मे भाले, ढाली घेऊन उभे राहतात. ओझी वाहणारे एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरतात. म्हणून प्रत्येक मजूर ही दोन बाजूंची चकती करावी, एका बाजूला थापी आणि दुसऱ्या बाजूला भाला. आपल्या पाळीला खेळाडूने हव्या तितक्या चकत्या उलटाव्यात, पण उलटलेली चकती त्या पाळीत काहीच करत नाही. एवढ्या एका नियमाने पुष्कळ काम होते. तट बांधायला विरोध करणारे सनबल्लट आणि तोबीया यांच्या हालचालींचे पत्ते निघू लागले की खेळाडू घाईने भाले वर करतात, हल्ला होत नाही, आणि एक पाळी वाया जाते. पुस्तकातही शत्रूचा प्रत्यक्ष हल्ला झाल्याचे कोठे नाही. धमक्या, थट्टा आणि अफवा यांनीच काम अडते. तेव्हा पत्त्यांच्या गठ्ठ्यात खरे हल्ले अगदी थोडे ठेवावेत आणि किती आहेत ते सांगू नये.

कर्ण्याचा नियमही वाया घालवू नये. लोक तटावर एकमेकांपासून दूर पसरले आहेत, म्हणून जेथे कर्णा वाजेल तेथे सर्वांनी जमावे असे नहेम्या सांगतो. कर्णा ही एकच सोंगटी असावी आणि ती ज्याच्याजवळ असेल त्याला एका डावात मोजक्या वेळा सर्वांचे भाले एका जागी बोलावता यावेत. बोलावलेल्या प्रत्येकाचे काम तेवढ्यापुरते थांबते, म्हणून बोलावणाऱ्यावर लोक रागावतात. आणखी एक बारकावा आहे: तिसऱ्या अध्यायात अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केल्याचे सांगितले आहे. म्हणजे प्रत्येक खेळाडूला एक घर द्यावे आणि त्यासमोरच्या तुकडीचे गुण जास्त ठेवावेत. सगळ्यांनी आपापले अंगण सांभाळले तर मधल्या तुकड्या उघड्या राहतात आणि एक तुकडी उघडी राहिली तरी तट पुरा होत नाही. याच अध्यायात तकोवा येथील थोर लोकांनी कामाला खांदा लावला नाही अशी नोंद आहे. त्यांनाही एक पत्ता द्यायला हरकत नाही.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाचवा अध्याय, आणि नेमका तोच बहुतेक रचनाकार ओलांडून पुढे जातात. बाहेरचा शत्रू दारात असताना आतले लोक तक्रार करत येतात: धान्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुले-मुली दास्यात चालली आहेत, आणि कर्ज देणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या सावकारांना सर्वांसमोर बोलावतो आणि गहाण मालमत्ता व शेकडा एक प्रमाणे घेतलेले व्याज परत करायला लावतो. पटावर हे आणायचे तर खेळाडूंना एकमेकांकडून धान्य उसने घेता आले पाहिजे आणि न फेडल्यास घेणाऱ्याची एक चकती देणाऱ्याकडे गेली पाहिजे. देणाऱ्याला हे फार सोयीचे वाटते, कारण त्याचे मजूर वाढतात. परंतु ज्याच्याकडे चकत्याच उरल्या नाहीत त्याच्या घरासमोरचा तट कोणी बांधायचा? चौथ्या-पाचव्या फेरीच्या सुमारास मेजावरच्या सर्वांत श्रीमंत खेळाडूला कळते की आपण ज्याला बुडवले त्याची तुकडी उघडी राहिल्यामुळे आपणही हरणार आहोत. तेव्हा त्याने कर्जमाफी जाहीर करायची की मजूर स्वतःच्या खर्चाने तेथे पाठवायचे, हा त्या खेळातील सर्वांत चांगला निर्णय ठरतो. म्हणून शुद्ध सहकारी खेळही नको आणि शुद्ध स्पर्धाही नको: तट अपुरा राहिल्यास सगळे हरले, पुरा झाल्यास ज्याचे गुण अधिक तो जिंकला, अशी मिश्र अट ठेवावी.

जुन्या कराराच्या नियमशास्त्रात अशी आणखीही यंत्रणा तयार पडून आहे. निर्गम १६ मधील मान्ना (रानात लोकांना मिळालेले अन्न) माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचा आणि सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडतात; सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा आणि तो टिकतो. साठेबाजीला चाप लावणारा याहून नेटका नियम मला तरी सुचलेला नाही. लेवीय २५ मधील योबेल वर्षी, म्हणजे पन्नासाव्या वर्षी, जमीन मूळ कुळाकडे परत जाते, आणि तोवर किती पिके निघणार यावरून तिची किंमत ठरवावी असेही तेथे सांगितले आहे. मागे पडलेल्या खेळाडूला सावरून घेण्याची सोय आणि दर फेरीला उतरत जाणारा भाव या दोन्ही गोष्टी रचनाकारांना एरवी घाम गाळून शोधाव्या लागतात.

यहोशवाच्या पुस्तकावर खेळ करण्याची इच्छा असणाऱ्यांना मी थोडे थांबायला सांगेन. कनानवर वस्तीचे बहुतेक खेळ देश रिकामा होता असे समजून चालतात, आणि पुस्तकात तो रिकामा नाही. नगरांचा समूळ नाश करण्याचे प्रसंग तेथे आहेत. त्यांचे गुण मोजून हसतखेळत डाव पुरा करणे मला योग्य वाटत नाही, आणि ते प्रसंग गुपचूप गाळणेही प्रामाणिक वाटत नाही. भूगोलाचे आकर्षण असेल तर राजांचा काळ घ्यावा. दानपासून बैर-शेब्यापर्यंत देश जेमतेम २४० किलोमीटर लांब, मिसर आणि मेसोपोटेमिया यांना जोडणारा व्यापारी मार्ग त्यातून जाणारा, आणि शलमोनाने हासोर, मगिद्दो व गेजेर ही नगरे बांधल्याची १ राजे ९ मधील नोंद पाहिली की त्या मार्गाच्या नाड्या कोठे होत्या हे नकाशावर चटकन दिसते. मोठ्या दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राज्याने खंडणी भरावी, बंड करावे की दुसऱ्या सत्तेची मदत मागावी, हा प्रश्न पूर्ण खेळाला पुरून उरतो. लढाईच हवी असेल आणि गटाला मक्काबींची पुस्तके (यहूद्यांच्या बंडाची कथा सांगणारी, काही पंथच बायबलचा भाग मानतात अशी) मान्य असतील, तर रॉबिन डेव्हिड यांचा ‘जुडियन हॅमर’ हा दोघांचा खेळ पाहावा.

कामाला लागताना आधी एकच अध्याय निवडावा. कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने पट काढावा, चित्रांवर एक दिवसही घालवू नये, आणि पहिली चाचणी तुटक्याफुटक्या नियमांनिशीच घ्यावी. दुसऱ्या चाचणीला मेजावर किमान एक व्यक्ती अशी असावी जिने ते पुस्तक वाचलेले नाही. ज्यांना कथा पाठ आहे ते नियमातील भगदाडे स्वतःच्या माहितीने बुजवून घेतात आणि रचनाकाराला ती दिसतच नाहीत. न वाचलेला माणूस मात्र सरळ विचारतो की हा तोबीया कोण आणि मी त्याला का घाबरावे. त्याला पत्त्यावरच्या मजकुरातून उत्तर मिळाले नाही, तर तो पत्ता पुन्हा लिहावा. वचनांचे संदर्भ पत्त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत द्यावेत आणि खेळ चालू असताना कोणालाही वाचून दाखवायला लावू नयेत. ज्याला कुतूहल वाटेल तो डाव संपल्यावर आपणहून पान उघडतो.